झिंगे-अंबाडी, अंदाजानं

रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते,
म्हणून आत्याची चूलच आम्ही पाळीवर नेली.
तीन विटा, गंज, चाटू,
निवडून ठेवलेली अंबाडी
आणि पहाटे उरकुडाच्या डोंग्यातून आलेले झिंगे,
टोपलीत अजून टिचटिच उडणारे.
मोबाइल धरायचं काम माझं.

तिकडं लुकेश, आत्याचा धाकटा,
डोक्यावर उंच पांढरी टोपी,
जहाजाच्या बाराव्या मजल्यावर.
आत्यानं आधी विचारलं, "बुडत नाई का रे ते?"
मग विचारलं, "जेवलास?"

त्याच्या मागं चोवीस पाहुणे,
पोटावर जहाजाचं नाव छापलेले एप्रन,
प्रत्येकापुढं काचेची शेगडी, जाळ नसलेली.
लाखो रुपये भरून लोक समुद्रावर जातात
आणि तिथं कांदा चिरायला शिकतात,
हे आत्याला मी रात्रीच समजावलं होतं.
तरी तिनं विचारलंच,
"घरी कांदे नाईत का यायच्या?"
लुकेशनं याचं भाषांतर केलं नाही.

त्यांचे झिंगे बर्फातले, सोललेले, सारखे,
एकाच साच्यातून काढल्यासारखे.
अंबाडी मिळाली नाही,
म्हणून पालक आणि वरून लिंबू.
आत्या एवढंच म्हणाली, "बरं."

हळद किती? आत्यानं चिमूट दाखवली.
एका म्हाताऱ्या पाहुण्यानं
आपला जाडजूड अंगठा कॅमेऱ्याजवळ आणला,
मग आत्याच्या बोटांकडं पाहिलं
आणि अर्धी हळद परत डब्यात टाकली.
हा शिकेल, आत्या पुटपुटली.

किती वेळ शिजवायचं?
"वास पलटेपर्यंत."
लुकेशनं सांगितलं, सात मिनिटं.
सगळ्यांनी लिहून घेतलं.

"पानी कोनतं घेता रे तिथं?"
समुद्राचं खारं पाणी मशीनमध्ये गोडं करतात, माय.
आत्याचा चाटू वरच राहिला.
तिनं तलावाकडं पाहिलं, मग फोनकडं.
"एवढ्या पान्यात राहून
पानी बनवा लागते?"

तेवढ्यात वारा फिरला.
चोवीस लोकांना नुसता धूर दिसला असणार.
एक बाई काहीतरी विचारत होती, फार कौतुकानं.
लुकेश म्हणाला, ती विचारते,
भाजीत धूर कधी घालायचा?
"घालाचा कायले? तो येतेच,"
आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली.

गंज उतरवताना मी फोन जवळ नेला.
लुकेश बोलता बोलता थांबला,
वाकला, आणखी वाकला,
पडद्यावर नुसत्या दोन नाकपुड्या उरल्या.
मागं कुणीतरी हसलं.
मग रेंज गेली.

भाजी पाळीवरच संपली.
उरकुडा, त्याची दोन पोट्टी, शिंगाडे काढणाऱ्या बाया,
चिन्नोरचा भात, मीठ जरा जास्त.
संध्याकाळी जहाजाचं प्रमाणपत्र आलं,
सोनेरी नांगर, खाली कुणाची तरी सही.
भागरताचं त्यांनी भारत केलं होतं.
"हा कोन?" आत्यानं विचारलं.
तूच.
ती खूप वेळ हसली,
मग राख घेऊन गंज घासायला पाण्याशी बसली.
उरलंसुरलं खायला बारक्या मासोळ्या
तिच्या घोट्यांभोवती जमल्या.

आठवड्यानं लुकेशचा फोन.
पाहुण्यांनी पुन्हा करून पाहिलं म्हणे,
सात मिनिटं मोजून. जमलं नाही.
"वास पलटला होता का?"
बराच वेळ नुसता घरघर आवाज,
समुद्राचा की कशाचा, कळेना.
"इथं वास राहतच नाही, माय.
वर मोठे पंखे आहेत,
सगळा ओढून बाहेर टाकतात."